अजून पंधरा वर्षं

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, पण थोरली बहीण आहे, म्हणून लिहिते. घे. फोन तू उचलत नाहीस. बंदरावरचा तुझा मुकादम 'क्रेनवर आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. मग पत्राशिवाय उरलं काय?

माझ्यासाठी काही मागायचं नाहीये. कुलूप-किल्ल्यांचं दुकान चालू आहे. कानस मारून मारून बोटं काळी ती काळीच. वडिलांची गादी बाईमाणसाला झेपणार नाही म्हणणारे आता स्वतःच्या घराची कुलपं माझ्याकडे आणतात.

विषय तुझ्या लेकीचा आहे. परवा दुकानापुढे पांढरी गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक बाई उतरली. आल्या आल्या तिने दुकानाचा, माझा आणि दारात झोपलेल्या कुत्र्याचा फोटो काढला. मग विचारलं, "पोस्टरवाली मुलगी इथेच राहते ना?"

तुला वाटलं असेल ते पोस्टर जग विसरलं. नाही विसरलं. चिमी जन्मली त्याच आठवड्यात देशोदेशीच्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून सह्या केल्या होत्या. पंधरा वर्षांत कोणी उपाशी राहणार नाही, घरोघरी पाणी येईल, मुली शिकतील, बाळंतपणात बाई मरणार नाही. त्या सह्यांना चेहरा हवा होता. आपल्या वस्तीचं आरोग्यकेंद्र तेव्हा नवंकोरं होतं, म्हणून या बाईच्याच संस्थेचा तो पांढऱ्या केसांचा अध्यक्ष तिथे आला आणि त्याने चिमीच्या मुठीत आपलं बोट दिलं. तू किती खूश होतास. वहिनी तर लाजून हसतच होती. पोस्टर छापून आलं तेव्हा त्यात बाळ होतं, बोट होतं आणि वहिनीचं नुसतं कोपर होतं. खाली लिहिलं होतं, 'मी पंधरा वर्षांची होईन तेव्हा'.

तर आता ती पंधरा वर्षांची होतेय. या सालअखेर मुदत संपते. पुढारी पुन्हा जमणार आहेत, आणि चिमीने तिथे जाऊन त्यांना सांगायचं आहे की बाबांनो, शब्द दिलाय तो वेळेत पाळा. बाईच्या मते याने फार मोठा परिणाम होईल. मी म्हटलं, "मुलीने कशाला सांगायला हवं? कॅलेंडर नाही का त्यांच्याकडे?" बाई हसली. या लोकांना कशाचंही हसू येतं.

मी नाहीच म्हणणार होते. पण चिमी म्हणाली, "आत्या, मला जायचंय." का, ते सांगितलं नाही. तुझ्यावर गेली आहे, तोंड उघडायला नको.

कागदोपत्री पालक अजून तूच आहेस. सोबतच्या अर्जावर सही करून पाठव. पटत नसेल तर तसं लिही. पण काहीतरी लिही.

तुझी ताई


३ मार्च

धाकट्या,

अर्ज मिळाला. सही मिळाली. बाकी पाकीट उलटं करून झटकलं, चिठ्ठीचा कपटाही पडला नाही. 'चिमे, नीट जा' एवढं लिहायला काय क्रेन थांबवावी लागली असती?

चिमीने सही पाहिली, त्यावरून बोट फिरवलं आणि अर्ज बाईला दिला.

आता इथला तमाशा ऐक. आठवडाभर संस्थेची माणसं चित्रीकरणाला आहेत. आपली वस्ती टेकडीवर, पाणी खाली हमरस्त्यापलीकडे. चिमी शाळेच्या आधी दोन खेपा करते आणि शाळेनंतर दोन. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी काय करावं? आपल्या दारात नळ बसवला. छान चकचकीत, पितळेचा. मी वाकून पाहिलं, मागे पाईपच नाही. भिंतीत नुसता खुपसलेला.

"पाणी?" मी विचारलं.

कॅमेरावाला म्हणाला, "ते आम्ही नंतर टाकतो, संगणकावर."

चिमीला त्या कोरड्या नळाखाली ओंजळ धरून हसायला सांगितलं. तिने ओंजळ धरली. हसली नाही. "अजून एकदा," कॅमेरावाला म्हणाला. पाच-सहा वेळा असं झालं. शेवटी ती म्हणाली, "काका, पाणी आल्यावर हसते." गल्लीतल्या बायका खो खो हसल्या आणि त्याने त्यांचंच चित्रण करून घेतलं. म्हणजे आनंदी वस्ती झाली.

आणि माझंही सांगते. त्या दिवशी सकाळी मीच चिमीची वेणी घट्ट घातली होती, नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता. चांगलं दिसावं म्हणून. मला त्यांची किळस येते तशी स्वतःचीही येते.

रोज संध्याकाळी बाई चिमीकडून भाषण घोटून घेते. 'माझ्या आयुष्यात आशेचा किरण आला' वगैरे. काल चिमीने पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "यात आई कुठे आहे?"

बाई म्हणाली, "बाळा, दोनच मिनिटं आहेत. आणि आईचं सांगितलं की वातावरण जड होतं. लोकांना पुढे काही करावंसं वाटायला हवं."

"आई मेली हे ऐकून काही करावंसं वाटत नाही त्यांना?"

बाईने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आपण पुढच्या परिच्छेदाकडे जाऊ," म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला चिमीने मला तेच विचारलं. आई नेमकी कशी गेली. आजवर मी 'बाळंतपणात' एवढ्यावर भागवलं होतं. म्हटलं, प्रवासात सांगेन. हे सांगणं खरं तर तुझं काम होतं.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र हॉटेलच्या खोलीतून लिहिते आहे. खाली दिवाणखान्यात कारंजं आहे. दिवसभर पाणी वर जातं आणि खाली पडतं, कोणी पीत नाही. चिमी पहिल्या दिवशी त्याच्यापाशी बराच वेळ उभी होती. पहारेकऱ्याने तिला हात लावू नको म्हणून सांगितलं.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. तू सोडून गेलास तेव्हा अंगणात ओरडून जे बोललास, तेही सांगितलं. लपवायचं कशाला? तू म्हणालास, मी आरोग्यकेंद्राच्या कुलपाशी खेळत बसले, तेवढ्यात वहिनीला शहरात नेता आलं असतं. आता माझंही एकदा ऐक. रविवारची दुपार होती. वहिनीचं रक्त थांबत नव्हतं. शहरात न्यायला गाडी नव्हती. दूधवाल्याचा टेम्पो यायला संध्याकाळ होणार होती. आरोग्यकेंद्राला कुलूप होतं आणि आधीची नर्स गेल्यावर तिची जागा भरलीच नव्हती, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी कुलूप काढलं. साधं कुलूप होतं, वेळ लागला नाही. आत धूळ खात पडलेली खाट होती, रिकामं कपाट होतं, आणि भिंतीवर ते पोस्टर. वहिनीला त्या खाटेवर ठेवलं. चार वर्षांची चिमी माझ्या पदराला धरून स्वतःचा फोटो बघत होती. वहिनी गेली ती त्या पोस्टरखाली. पोटातलंही गेलं.

तू मला दोष दिलास कारण मी समोर होते. ज्यांनी सह्या केल्या ते समोर नव्हते. त्यांना तू कुठे शोधणार होतास? हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुझ्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं की ताई, तुझी चूक नव्हती. असो.

चिमीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा रडले होते?" मी म्हटलं, "रडला नाही. टेम्पो आला तेव्हा त्याच्या चाकाला लाथा मारत होता."

इथे आल्यावर त्या अध्यक्षाशी भेट घालून दिली, तोच बोटवाला. आता निवृत्त झालाय, पण मानाने बोलावतात. छायाचित्रकार गोळा झाले. म्हाताऱ्याने चिमीचा हात हातात घेतला, काहीतरी बोलला. दुभाषी मुलगी आमच्या बाजूला होती. ती म्हणाली, "ते विचारतायत, आई कशी आहे?"

चिमी म्हणाली, "वारली. माझ्या भावाच्या वेळी."

दुभाषी मुलीला ते पलीकडच्या भाषेत सांगायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ तो हसतच होता. मग त्याला कळलं, पण कॅमेरे चालू होते. त्यामुळे हसू काढून ठेवावं की राहू द्यावं हे त्याला सुचेना. शेवटी अर्धं ठेवलं. धाकट्या, तसलं अर्धं हसू मी कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं, साबणाने.

उद्या सभा आहे.

ताई


२५ एप्रिल

धाकट्या,

झालं ते सलग सांगते.

सभागृह एवढं मोठं की आपली वस्ती टेकडीसकट आत बसेल. सकाळभर पुढारी एकामागून एक बोलले. दुभाषी मुलगी माझ्या कानाशी कुजबुजत होती. पहिल्या वेळी त्यांनी म्हटलं होतं, 'करू'. आता म्हणत होते, 'करण्याच्या दिशेने प्रयत्नशील राहू'. मुलगीही कंटाळली. तिसऱ्यानंतर म्हणाली, "मावशी, हे मघासारखंच आहे, सांगू का?" मी म्हटलं, नको, जरा श्वास घे.

दुपारी निर्णय वाचून दाखवला. परिस्थिती कठीण होती, सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केले, सबब मुदत अजून पंधरा वर्षं वाढवण्यात येत आहे. घोंगडं पुन्हा भिजत घातलं. आणि टाळ्या. धाकट्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत पोराने गृहपाठ केला नाही तर त्याला बाकावर उभं करतात. इथे न केलेल्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि बरेचसे जेवायला उठून गेले.

त्यानंतर चिमीची पाळी होती. म्हणजे 'वेळेत पूर्ण करा' हे सांगायची वेळ त्यांनी मुदत वाढवून झाल्यावर ठेवली होती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण इथे तर झोपा बांधायलाही पोरीलाच बोलावलं होतं.

व्यासपीठाच्या मागे आम्ही उभ्या होतो. तिथे एक तरुण बाई खुर्चीवर बसली होती, मांडीवर अगदी तान्हं बाळ. ओठ पांढरे पडलेले, अंगात ताप असावा. संस्थेची बाई चिमीला म्हणाली, "भाषण झालं की हे बाळ तू हातात घ्यायचंस. मग नवे अध्यक्ष येतील आणि त्याला बोट देतील. पहिल्या पोस्टरकडून दुसऱ्या पोस्टरकडे. सुंदर कल्पना आहे ना?"

मला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "दुसरं पोस्टर?"

"पुढच्या पंधरा वर्षांसाठी."

चिमीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती त्या बाळंतिणीसमोर उकिडवी बसली. दुभाषी मुलीला जवळ बोलावून म्हणाली, "बाळाचं नाव काय, विचारा ना." बाळंतीण गोंधळली. मग अगदी हळू तिने नाव सांगितलं. चिमीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, उच्चार चुकला तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली.

मग चिमीला पुढे ढकललं. कागद तिच्या हातात होता, पण तो तिने उलगडलाही नाही. आपल्या घरी बोलते तशी बोलली. म्हणाली, "माझी आई तुमच्या आरोग्यकेंद्रात मेली. भिंतीवर माझा फोटो होता, बाकी काही नव्हतं. तुम्ही पंधरा वर्षं मागितली होतीत, ती माझी गेली. आता मागताय ती मागच्या खोलीत एक बाळ आहे, त्याची आहेत. त्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी सांगते. नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही. बाळ हातात घ्यायला थांबली नाही. सरळ चालत माझ्याकडे आली.

मला वाटलं आता आम्हाला हाकलतील. मला तेच हवंही होतं. पण उरलेलं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतला एक पुढारी रुमालाने डोळे टिपत होता. मघाशी मुदतवाढीला सगळ्यात आधी हात वर करणारा तोच. आणि संस्थेची बाई धावत आली, चिमीला कवटाळलं आणि म्हणाली, "किती खरं बोललीस! आम्हाला अगदी असंच काहीतरी हवं होतं."

चिमी तिच्या मिठीत काठीसारखी ताठ उभी होती.

निर्णयात एक अक्षर बदललं नाही. मी दुभाषी मुलीला दोनदा विचारून खात्री केली. त्यांना शिव्या दिल्या तरी त्यांचं पोट भरतं, धाकट्या. मग माणसाने करायचं काय?

ताई


११ मे

धाकट्या,

परत आलो. चिमीचं ते बोलणं जगभर फिरतंय म्हणे. चौकातला पानवाला तिला सलाम करतो. आरोग्यकेंद्रात घाईघाईने नर्स नेमली. बाईचे फोन चालूच आहेत, आणखी तीन देशांत न्यायचंय, 'असंच रागावून बोलायचं'. चिमीने सांगितलं, मला राग येईल तेव्हा येईल, तारखा घेऊन येणार नाही. वर विचारलं, तो नळ कधी काढणार, वेणी अडकते त्यात.

आणि काल तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी पहिलं. मी ते चिमीला आधी वाचू दिलं. तू लिहिलंस, मुकादमाच्या फोनवर व्हिडिओ पाहिला, फार अभिमान वाटला, सगळ्या बंदराने टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी, 'पुढच्या वर्षी नक्की येतो'.

चिमीने पत्र घडी करून परत दिलं. म्हणाली, "आत्या, यांना कोणी शिकवलं असं लिहायला?" आणि पाण्याला गेली.

तेव्हा आता माझी भाषा ऐक. तुझ्याही टाळ्या त्यांच्यासारख्याच आहेत. बसल्या जागेवरून वाजवलेल्या. तुझं पुढचं वर्षही त्यांच्यासारखंच. मला वाटायचं तू दुःखाने गेलास. दुःखाने गेलेला माणूस दोन महिन्यांत परततो रे. त्यानंतर उरतो तो नुसता आळस, आणि त्याला दुःख म्हणायची सवय.

वस्तीतली शाळा आठवीला संपली. चिमीला घाटाखालच्या गावी वसतिगृहात जागा मिळाली आहे. तिने स्वतः जाऊन मुख्याध्यापिकेशी बोलून मिळवली, संस्थेचं नाव न सांगता. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या बसने जायचं आहे. सोडायला मी जाणार होते. ती जागा मी तुला देते. यायचं तर त्या दिवशी ये. नंतर आलास तर चहा पाजीन आणि परत लावून देईन.

ताई


८ जून

धाकट्या,

तुझी वाट बघत मी खिडकीशी उभी नव्हते, चिमीने तसं सांगितलं असेल तर ती थापा मारते.

रविवारी संध्याकाळी तू दारात उभा राहिलास आणि मी तुला ओळखलंच नाही. केस केव्हा गेले? चिमीने तुला पाणी दिलं. तू प्यालास, आणि मग अवघडून त्या कोरड्या नळाकडे बघत बसलास. तिने त्याचा किस्सा सांगितला तेव्हा हसलास, आणि हसता हसता तुझा चेहरा भलतीकडेच गेला. मी आत निघून गेले. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. सकाळी नळ भिंतीतून निघालेला होता आणि भोक बुजवलेलं होतं, एवढं पाहिलं.

नर्सची परवा बदली झाली. आरोग्य कार्यालयात जाऊन नवी कधी येणार विचारलं, तर म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. मी त्यांच्या पायरीवर थुंकले. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या अकरा बायका घेऊन गेले आणि त्याच पायरीवर बसलो. आजही बसलो होतो. हे पत्र तिथूनच लिहिते आहे. काही होईल असं वाटत नाही, पण आत जायला त्यांना आम्हाला ओलांडावं लागतं आणि ते त्यांना जड जातं.

बाईचा फोन आला होता, चिडलेली होती. त्या बाळंतिणीने फोटोला नकार दिला आणि बाळाला घेऊन निघून गेली. "तुमच्या मुलीने तिला काय सांगितलं?" मी म्हटलं, "नाव विचारलं." बाईला वाटलं मी चेष्टा करते आहे.

खरं म्हणजे हे पत्र सोमवारच्या सकाळसाठी लिहायला घेतलं. तुझ्या लक्षातही नसेल. तू ट्रंक खांद्यावर घेतलीस, चिमी पुढे निघाली, आणि उतारावर ती पांढरी गाडी आडवी उभी. कोणी तरी कळवलंच होतं त्यांना. बाई हात जोडून म्हणाली, "बापलेकीची भेट, एक छोटासा प्रसंग घेऊ. ऊन जरा वर येऊ दे. अर्धा तास फक्त."

आयुष्यभर तू कोणाच्या समोर आला नाहीस. मला वाटलं आताही मान खाली घालून उभा राहशील. तू ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालास, "तिला उशीर होतोय. गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली.

तुझी ताई